दीड वीत

“शेवटची ओळसुद्धा वाचलीत, मावशी! ऑपरेशन फार छान झालंय,” डॉक्टर म्हणाले. मुलाचा चेहरा खुलला. आईच्या उजव्या डोळ्यातलं ते लांबचं दाखवणारं परदेशी भिंग त्यानंच हट्टानं बसवून घेतलं होतं.

द्वारकाबाई थकून बसून राहिल्या. छान झाल्याचं महिनाभर सगळेच सांगत होते. चाळीस वर्षं त्यांनी जाड चष्मा काढून ठेवून, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर काळे मणी धरून लोकांची मंगळसूत्रं ओवली होती. आता देवळाच्या कळसावरचा कावळा स्पष्ट दिसे. मण्याचं भोक दिसेना. डावा डोळा तर मोतीबिंदूनं धूसरच होता.

“डाव्यालाही हेच भिंग ना?”

“हेच. आईला आता कुठं काम करायचंय?” मुलगा म्हणाला. मागच्या वेळीही उत्तर त्यानंच दिलं होतं.

“तू गप रे. डोळा माझाय.” द्वारकाबाईंनी पिशवीतून अर्धवट ओवलेला सर काढून नाकासमोर धरला. “डॉक्टरसाहेब, लांबचं बघायला उजवा पुरे. डाव्यानं मला इथलं दिसू दे.”

डॉक्टरांनी त्यांचा हात हलकेच थोडा लांब सरकवला. “वीतभर नको. दोन डोळ्यांत फार फरक पडला, तर गरगरेल. दीड वीत चालेल?”

“चालवून घेईन.”

डॉक्टरांनी मोजपट्टी लावून डोळ्यापासून सरापर्यंतचं अंतर मोजलं. हात भरून आला, तरी आकडा कागदावर उतरेपर्यंत द्वारकाबाईंनी तो खाली घेतला नाही.