एका महिन्याची जागा

पुन्हा तेच! दत्तू परबचा रेकॉर्ड उघडताना प्रोग्राम तिसऱ्यांदा अडकला. "आकडा ठरलेल्या जागेबाहेर," अशा अर्थाची इंग्रजी चौकट स्क्रीनवर आली. कॉम्प्युटरवर बसलेल्या श्यामकांतनं कीबोर्ड आदळला.

"कुठल्या गाढवानं लिहिलाय हा प्रोग्राम!"

गाढव याच लालबागच्या युनियन कचेरीतला कार्यकर्ता होता. मिलची जुनी हजेरी त्यानं तेरा वर्षांपूर्वी फॉक्सप्रो वापरून कॉम्प्युटरवर चढवली होती. आता गिरणी कामगारांच्या घराच्या अर्जाला त्याच हजेरीची छापील स्लिप लागत होती आणि अर्जाचा आज शेवटचा दिवस होता. स्लिप नाही तर घर नाही, इतकं ते सरळ होतं.

समोर दत्तूची विधवा तुळसा धुमसत उभी होती. तिच्या आधी तिची जाऊ सखुबाई आली होती आणि दोन मिनिटांत नवऱ्याची स्लिप घेऊन बाहेरच्या बाकावर अर्ज भरायला बसली होती.

"त्या फितुराची स्लिप झटक्यात, नि माझ्या माणसाचीच अडकते?" तुळसा कडाडली. "ब्याऐंशीच्या संपात सगळे उपाशी, नि हिचा चंदू चोरून कामावर! आमच्या ह्यांनी डोळ्यांनी बघितलं. सख्खा भाऊ असून चाळभर सांगितलं. एकवीस वर्षं मी हिच्या घरचं पाणी प्यायले नाय!"

"आणि तुमचे हे?"

"पहाटे वरळी कोळीवाड्यात बर्फ ओढायला जायचे. मिलची पायरी नाय चढले!"

श्यामकांत एकेक ओळ चाळत होता. अखेर चूक सापडली आणि त्याचं डोकंच फिरलं. हजेरीसाठी दर वर्षाला बारा रकाने होते, ब्याऐंशीला फक्त एक.

"वर्षाला बारा महिने असतात, हेसुद्धा कळू नये?"

"अरे बाबा, त्याचं काय चुकलं?" तुळसाची मान ताठ झाली. "त्या साली जानेवारीच भरला. अठरा तारखेला सगळे बाहेर. पुढे कोण जाणार होता कामावर?"

श्यामकांतला इतिहास नको होता, जेवायला जायचं होतं. त्यानं एकाचे बारा केले आणि दत्तूचा मिलमधला टोकन नंबर पुन्हा टाकला. या वेळी चौकट आली नाही.

"आला एकदाचा!"

तुळसानं पदरानं डोळे पुसले. मग बाकाकडे बघून ती मुद्दाम आवाज चढवून म्हणाली, "वाच. मोठ्यानं वाच. ऐकू दे तिला पण."

श्यामकांतनं खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "दत्तू परब. साल ब्याऐंशी. जानेवारी, पंधरा दिवस हजर. फेब्रुवारी, चोवीस. मार्च, सत्तावीस. एप्रिल, पंचवीस. मे..."