बेटावरची पोरं

तराफा लाल होता की निळा, यावर गुरुवारचं भांडण ऐन रंगात आलं होतं, तेव्हा एक नवी बाई आत आली.

"लाल," व्हिल्मार म्हणाला. "मी त्यावरून पडलोय. पडणाऱ्याला रंग नीट दिसतो."

"तू अंजिराच्या झाडावरून पडलास," नेली म्हणाली. "तराफ्यावरून मी पडले. टोपीसकट."

पायसान्दू या नदीकाठच्या गावातल्या निवृत्तांच्या क्लबात दर गुरुवारी हेच चालायचं. म्हातारी मंडळी गोल करून बसायची, पंखा नुसता मान हलवायचा, आणि लहानपणचे उन्हाळे निघायचे. नदीतलं बेट. गार करायला पाण्यात सोडलेलं आणि वाहून गेलेलं कलिंगड. नावाड्याच्या घरासमोर जमणारी पोरांची टोळी. माटेचा, म्हणजे तिकडच्या पाल्याच्या कडू चहाचा, तुंबा हातोहात फिरायचा. ज्याच्या हातात तुंबा, त्याने बोलायचं. नळीने शेवटपर्यंत ओढायचं आणि तुंबा नेलीला परत द्यायचा. ती त्यात गरम पाणी ओतून पुढच्याला द्यायची. परत देताना 'आभारी आहे' तेवढं म्हणायचं नाही. म्हटलं, की मला पुरे, मला फेरीतून वगळा, असा अर्थ. हे पायसान्दूत शेंबडं पोरही जाणतं. व्हिल्मारला डॉक्टरांनी माटे बंद केला होता. तोसुद्धा कधी आभारी झाला नव्हता.

बाल्तासार हा टोळीतला श्वास रोखणारा मुलगा. म्हणजे तो तसं सांगायचा. खरं तर त्याचे सगळे उन्हाळे मांसाच्या कारखान्याच्या शीतगृहात गेले होते. बाप तिथे पहारेकरी. बाहेर जानेवारीचा, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्याचा उकाडा, आणि आत बाल्तासार स्वेटर घालून टांगलेल्या बैलांना पाढे म्हणून दाखवायचा. बायको गेल्यावर तो क्लबात आला, तोवर टोळीतलं बाकीचं कोण कोण ते ठरून गेलं होतं. आता भिंतीवरच्या फोटोत असलेला क्लोतारिओ तेव्हा जिवंत होता. हे गुरुवार त्यानेच सुरू केले. तो म्हणाला होता, "एक पोरगा पाण्याखाली सगळ्यात जास्त वेळ राहायचा. नाव काही आठवत नाही." बाल्तासार म्हणाला, "मीच तो." क्लोतारिओने त्याला मिठी मारली. तेव्हापासून गुरुवारी बाल्तासार माणसांशी बोलायचा. बाकीचे दिवस फ्रिजशी. फ्रिज जुना होता, उत्तर द्यायचा.

"बसा बाई," नेली म्हणाली. "नाव काय तुमचं? उन्हाळे कुठे घालवलेत?"

"झुल्मा," बाई म्हणाली. "त्याच बेटावर. नावाडी माझा बाप."

पंखा थांबल्यासारखा वाटला. तो थांबलाच होता, अधूनमधून थांबायचा.

झुल्मा एकेकाचा चेहरा बघत चालली होती. तिची नजर बाल्तासारवर आली, तेव्हा तुंबा त्याच्याच हातात होता. म्हणजे बोलायचं त्याने. तिने विचारायचा अवकाश, आणि आपल्या नशिबी गुरुवारीही फ्रिज. हाकललं जाण्यापेक्षा उठून गेलेलं बरं. त्याने शेवटचा घोट ओढला. नळी कोरडी गुरगुरली. त्याने तुंबा नेलीकडे दिला.

"आभारी आहे," तो म्हणाला.

"ए म्हाताऱ्या, खुळा झालास का?" व्हिल्मार म्हणाला.

"मी बेटावर कधी नव्हतोच. मला पोहताही येत नाही." बाल्तासारने टोपी उचलली आणि तो दाराकडे निघाला.

नेलीने पाणी ओतलं आणि तुंबा व्हिल्मारला दिला. तो घाईने प्यायला. जीभ पोळली असणार. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "आभारी आहे."

मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या शेजारची. इतक्या झटपट तुंबा कधी फिरला नव्हता. शेवटी नेलीने स्वतःसाठी भरला, संपवला, आणि देणारी-घेणारी तीच असल्यामुळे स्वतःलाच म्हणाली, "आभारी आहे."

"म्हणजे बेटावरचा खरा एकटा क्लोतारिओ," व्हिल्मार फोटोकडे बघत म्हणाला.

झुल्माने चष्मा लावून फोटो पाहिला. "हा? हा बेकरीवाल्याचा मुलगा. पावाच्या लाँचवर असायचा. काठावर पाव टाकायचा आणि जायचा. उतरला नाही कधी."

"मग त्याला टोळीचं सांगितलं कोणी?" नेलीने विचारलं.

"मी. एकदा त्याने विचारलं, तू इथे एकटीच असतेस का? त्याला माझी कीव येत होती. मी म्हटलं, छे, आम्ही पुष्कळ जण आहोत. एक झाडावर चढलाय, एक टोपी घालून पोहतेय. तो म्हणाला, दिसत तर कोणी नाही. मी म्हटलं, एक इथेच पाण्याखाली आहे, थांब, येईल वर. तो बिचारा पाण्याकडे बघत थांबला. मग लाँचचा भोंगा वाजला." तिने चष्मा काढला. "बेटावर मूल मी एकटीच."



"तराफा तरी लाल होता ना?" व्हिल्मारने विचारलं.

"कसला तराफा?"

काय करावं न सुचून नेलीने तुंबा भरला आणि झुल्माला दिला. झुल्मा सावकाश प्यायली, नळी गुरगुरेपर्यंत. तुंबा परत दिला. आभार मानले नाहीत. मग दारात टोपी धरून उभ्या असलेल्या बाल्तासारकडे वळली.

"आणि तू रे," ती म्हणाली, "किती वेळ लावलास वर यायला."