पाण्याखाली

"पुसायचं नाहीये गं, बेबी. नुसतं पाणी वाढवायचं," दादा म्हणाला.

धरण प्रकल्पाच्या कार्यालयात दोघं भावंडं भिंतीसमोर उभी होती. भिंतभर नदी होती, नदीत पाणमांजरांची जोडी आणि मधे त्यांचं पिल्लू. सरकारच्या 'भिंतीवर वन्यजीव' योजनेतून बहिणीनेच ती रंगवली होती. पिल्लाच्या मिशा ओल्या दिसाव्यात म्हणून तिने अख्खा आठवडा घालवला होता. आयुष्यात मिळालेली ही एकच भिंत, आणि त्यासाठी साहेबांचे उंबरठे झिजवले होते ते याच दादाने.

"पण नदीत आहेत ना ती? तूच तर दाखवलीस मला."

"आहेत. म्हणून तर म्हणतोय." दाराकडे पाहत त्याने आवाज खाली आणला. "माझ्या सहीने अहवाल गेलाय, इथे पाणमांजर नाही म्हणून. उद्या धरणाला मंजुरी देणारी समिती याच खोलीत चहाला बसणार. धरण होईल नाहीतर राहील, माझी नोकरी मात्र जाईल."

स्वतःच्या कामावर बोळा फिरवायला कुणाला आवडतं? पण सख्खा भाऊ पडला. तिने निळ्यात थोडा मातकट रंग कालवला. आधी बाप झाकला, मग आई. पिल्लू सगळ्यांत शेवटी. ती रडली, पण हात थांबवला नाही.

दुसऱ्या दिवशी समिती आली. चित्रकार म्हणून तिलाही बोलावलं होतं. अध्यक्षबाई चहाचा कप घेऊन भिंतीपाशी गेल्या.

"पाणी काय सुरेख काढलंय हो!"

मग त्या खाली वाकल्या. चित्राखाली पितळी पाटी होती. कालच्या घाईत तिच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. बाईंनी ती मोठ्याने वाचली, "'आपल्या नदीतील पाणमांजरे.'" चष्मा सारखा करून त्यांनी पुन्हा सगळी भिंत न्याहाळली.

"कुठे आहेत?"

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने बहिणीकडे असं पाहिलं, की तिला त्याची कीवही आली आणि किळसही.

"आहेत ना," ती म्हणाली. "पाण्याखाली."

"वा! याला म्हणतात कलावंताचं डोकं!" अध्यक्षबाई खळखळून हसल्या. मग सगळेच हसले.

सगळ्यांत मोठ्याने दादा.