दोन बाटल्या

सन १९४५, ऑगस्टमधील सकाळ. सार्डिनियातील काल्यारी बंदर, जिथे शहराचे गटार समुद्रास मिळते. प्रयोगशाळेसाठी मी चिठ्ठी डकवलेल्या बाटलीत ते पाणी भरत होतो. कोळीण बोनारिया लेकीला पाजायला वाइनच्या बाटलीत तेच भरू लागली. पोर बारा दिवस विषमज्वराने फणफणत होती. “मावशी, विष आहे ते!” मी तिची बाटली उपडी केली. “मग इथं डुंबणारी पोरं ठणठणीत कशी?” “यातली बुरशी तापाचे जंतू मारते, असं काचेच्या बशीत दिसलंय.” “म्हणजे औषध.” “पण पाण्यात जंतूही आहेत.” “म्हणजे विष. डॉक्टर, एक काय ते ठरवा. बशी तुमची असेल, लेक माझी आहे.” मी माझ्या बाटलीला बूच लावले. रिकामी बाटली शालीत गुंडाळत ती म्हणाली, “तुम्हालाही ठाऊक नाही, फक्त तुमच्या बाटलीवर चिठ्ठी आहे.”