दुसऱ्या ताटाचा हिशेब

काकूचं डोकं ठिकाणावर नाही, एवढं डॉक्टरी कागदावर आलं असतं, तर घराचा कारभार पुतण्याच्या हाती येणार होता. म्हणजे चार खोल्या, मागचं अंगण आणि रस्त्याकडेचं दुकान. नाही आलं, तर सगळं काकूच्या माघारी. आणि काकू अजून जिना न थांबता चढायची.

पुरावा मात्र रोज संध्याकाळी टेबलावर मांडला जायचा. काका जाऊन दोन वर्षं झाली, तरी काकू दोन ताटं वाढायची. दुसऱ्या ताटात भात, दोन अंडी, लोणी घातलेले बटाटे. काका डावखुरे, म्हणून पेला डावीकडे. पेल्याशेजारी त्यांची जीवनसत्त्वाची गोळी, त्यांना शेवटी शेवटी लिहून दिलेली तीच.

स्वतःचं जेवण आटोपलं की काकू झोपायला जायची. सकाळी दुसरं ताट लख्ख, गोळी गायब, आणि खुर्ची तिरकी मागे सरकलेली. काका जेवून उठायचे तशी.

“तिला एकटं कसं सोडायचं,” म्हणत पुतण्या राहायला आला, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने हे हेरलं. तो स्वतः बाहेर जेवून यायचा. मेलेल्या माणसाशेजारी बसून घास उतरत नाही, असं त्याचं म्हणणं. दाराला आतून कुलूप घालून किल्ली तो उशाखाली ठेवायचा. घरात माणसं दोनच. खाणारं कोण, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

“रात्री उठून तूच खातेस, काकू.”

“मी? मला माझंच ताट जड होतं. हे जेवतात.”

“हे म्हणजे कोण?”

“आता या वयात नाव घ्यायला लावतोस होय रे?”

डॉक्टरांनी लगेच कागद दिला नाही. एक ताट जास्त वाढणं हे वेड नव्हे, म्हणाले. पण स्वतः खाऊन तिला आठवत नसेल, तर गोष्ट वेगळी. त्यांनी दोघांना दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

बाई आकड्यांच्या माणूस होत्या. “आत गेलेलं सगळं खर्च झालं नाही, तर उरलेलं अंगावर चढतं. तुम्ही सांगता ते दुसरं ताट अकराशे कॅलरींचं. अठ्ठावीस दिवसांच्या झाल्या तीस हजार आठशे. साधारण सात हजार सातशेला एक किलो धरा. काकू खात असतील, तर चार किलोंनी वाढतील.”

“आणि भूत खात असेल तर?” काकूने विचारलं.

“त्याला काट्यावर आणा, मग सांगते.”

काकू काही काट्यावर चढेना. “मोडला तर माझ्या नावावर नको. आधी तू चढ रे.” पुतण्या हसत चढला. एकाहत्तर. बाईंनी सवयीने तेही लिहून घेतलं. मग काकू चढली. अठ्ठेचाळीस.

पुढचे अठ्ठावीस दिवस पुतण्याने दोन्ही ताटं वाढताना तोलली, सकाळी पाहिली, वहीत लिहिली. शाळेत असताना एवढी वही लिहिली असती, तर परक्याच्या दुकानावर डोळा ठेवायची वेळ आली नसती, असं शेजारीण म्हणायची. दुकानाचं माप मात्र त्याने आधीच घेऊन ठेवलं होतं.

त्याला स्वतःला जरा जड वाटायचं. रात्रभर झोपूनही सकाळी अंग दुखायचं, गादीचा दोष. पँटी कमरेत आवळायला लागल्या. धोब्याला दोन शब्द सुनावून झाले. लघवी गर्द पिवळी व्हायची. उन्हाळा होता, पाणी कमी पडत असणार. यातलं त्याने वहीत काही लिहिलं नाही. वही काकूची होती.

एकोणतिसाव्या दिवशी काकू काट्यावर चढली. अठ्ठेचाळीस.

“काटा बिघडलाय,” पुतण्या म्हणाला.

“बघू या की. तुमचं एकाहत्तर आहे इथे. चढा.”

तो चढला. काटा पंचाहत्तरवर जाऊन थांबला.

“पँट जाड आहे,” तो म्हणाला.

बाईंनी चष्मा काढला. “त्या गोळीने लघवी गर्द पिवळी होते. काकूंची आज तपासली, साधी आहे. तुमची?”

पुतण्या भिंतीवरचा तक्ता वाचू लागला.

“दोन वर्षं ताट सकाळी जसंच्या तसं असायचं,” काकू बाईंना सांगू लागली. आवाज अगदी रोजचा, भाजीचा भाव सांगावा तसा. “मी ते गल्लीतल्या कुत्र्यापुढे ओतायचे. गोळी परत डबीत. हा राहायला आला, आणि हे जेवायला लागले.”

“काकू, गप्प बस!”

“बसते. पण एक सांग, बटाट्यात मीठ कमी पडतं, हे रोज मला कोण सांगतं?”

बाईंनी पुतण्याने डॉक्टरी कागदासाठी भरून आणलेला अर्ज पुढे ओढला. काकूचं नाव खोडून त्या जागी त्याचं लिहिलं. काकूच्या खात्यावर शून्य. चार किलो आणि डोकं ठिकाणावर नसल्याचा शेरा, दोन्ही पुतण्याच्या.

“हे डॉक्टरांकडे जाईल,” त्या म्हणाल्या. “खाली सही करा.”

तो हलला नाही. काकूने पिशवी काखोटीला मारली आणि त्याच्या खांद्याला हलकेच हात लावला.

“अहो, करा ना. जेवायची वेळ होत आली.”

पुतण्याने पेन उचललं आणि एका झटक्यात सही केली. डाव्या हाताने, काकांची.