चौथी मेरी

क्रॅडक बटलरने चांदीच्या तबकात तार आणली तेव्हा मेरी पाहुण्या कर्नलसाहेबांच्या कपात चहा ओतत होती. तार बघताच तिला घर आठवलं. धाकट्या बहिणीने बजावलं होतं, "आईचं काही खरं नाही असं दिसलं, तर तार करीन. मिळेल त्या गाडीने निघ."

लेडी वेदरबींनी चष्मा लावून पाकिटावरचं नाव वाचलं. "मिस रोझामंड टॅप. टॅप? असलं कुणी आहे का आपल्याकडे, क्रॅडक?"

"माझ्या माहितीत नाही, बाईसाहेब." तो ईस्टरपासून इथे होता आणि त्याच्या माहितीत मेरी ही मेरीच होती.

वेदरबींच्या दिवाणखान्यात चहा द्यायला जी मुलगी येई, ती मेरी. ही चौथी. आल्या दिवशी तिने नाव सांगितलं, तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या होत्या की रोझामंड आमची मुलगी आहे, आणि मेरी आमच्या तोंडात बसलंय. दर खेपेला नवं नाव लक्षात ठेवायचं म्हणजे थोरामोठ्यांच्या डोक्याला केवढा ताप. पत्रांवर बहीण आठवणीने 'मेरी' लिहायची. आज तार करताना तिला भान राहिलं नसावं.

"मग परत पाठवा. तारवाला आहे ना अजून?"

"मागच्या दाराशी थांबलाय."

चहा देताना बोलायचं नाही, हा नियम मेरीने तीन वर्षं पाळला होता. आज तिने किटली खाली ठेवली. "बाईसाहेब, ती तार माझी आहे. माझं नाव रोझामंड."

कर्नलसाहेब खो खो हसले. "ऐकलंत? उद्या स्वयंपाकीणबाई म्हणेल, मी राणीसाहेब."

"ममा, मग मी कोण?" सोफ्यावरच्या रोझामंडने विचारलं. "मी भांडी घासायला जाऊ का?" भांडी कुठे घासतात हे तिला ठाऊक होतं असं मात्र नव्हे.

लेडी वेदरबी हसल्या नाहीत. पाहुण्यांदेखत असं व्हावं, हे त्यांना फार लागलं होतं. "या घरात रोझामंड एकच आहे, मेरी. माझ्या मुलीच्या नावाने मागच्या दाराला तारा यायला लागल्या, तर लोक काय म्हणतील? क्रॅडक, लिहून द्या, या नावाचं इथे कुणी राहत नाही."

क्रॅडक गेला. धावत जाऊन तार हिसकावून घ्यावी असं मेरीला वाटलं. पण मग शिफारसपत्राशिवाय हकालपट्टी, आणि आईचं औषध तिच्याच पगारावर चाललेलं. तारघर चार मैलांवर. तिची सुट्टी बुधवारी आणि आज गुरुवार. खिडकीखालून तारवाल्याची सायकल खडीवर करकरत फाटकाकडे गेली. मेरीने किटली पुन्हा उचलली.

"नोकरांशी कडक वागावंच लागतं, कर्नल," लेडी वेदरबी म्हणाल्या, "पण म्हणून माया सोडू नये. हिची आई आजारी असते. गेल्या महिन्यात आम्ही मुद्दाम सूप पाठवलं होतं." मग त्या तिच्याकडे वळल्या. "हो, विचारायचंच राहिलं, मेरी. आई कशी आहे आता तुझी?"

मेरीने साखरेचं भांडं त्यांच्यापुढे धरलं.

"कळलं नाही, बाईसाहेब."