न चावणारे बूट

बाबांना बूट लागायचे ते घोट्यापर्यंतचे, कॅनव्हासचेच. तळ पाटीसारखा सपाट, जरा पाणी उडालं की मोजे ओले, आणि नवा जोड महिनाभर टाचेला चावणार म्हणजे चावणार. त्यांची कुरकुर ऐकून आईचे कान किटले होते. मधुमेह झाल्यावर डॉक्टरांनीही नको म्हटलं, तरी यंदा बाबांनी पुन्हा तेच आणले. आठवडाभर रोज चालून आले, पण एक तक्रार नाही.

"बघ, आता अजिबात चावत नाहीत," ते ऐटीत म्हणाले.

आईनं नाडी सोडून एक बूट ओढला. मोजा रक्तानं टाचेला चिकटला होता. तिनं जखमेवर बोट टेकवलं, मग दाबलं. बाबा दुसऱ्या बुटाची नाडी सोडण्यात गुंग होते.

"अहो," ती म्हणाली, "जरा तरी दुखतंय म्हणा."